अदृश्य कणाची साक्ष

कोमा दीर्घिकासमूहांतील दीर्घिका इतक्या वेगानें फिरतात, कीं दिसणाऱ्या ताऱ्यांचें गुरुत्वाकर्षण त्यांस आवरून धरण्यास पुरेसें नाहीं, असें फ्रिट्स झ्विकी यांनीं १९३३ सालीं दाखविलें. ही उणीव भरून काढणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या द्रव्यास कृष्णद्रव्य म्हणतात. तें कोणत्या कणांचें बनलें आहे, हें मात्र अद्याप कोणासही सांगतां आलेलें नाहीं.

नव्या कणांचीं नांवें वरचेवर पुढें येतात. पण शास्त्रज्ञ त्यांवर एकदम विश्वास ठेवीत नाहींत. इटलींतील ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेंत सुमारें ३ टन द्रवरूप झेनॉनवर पहारा ठेवला होता. तेथें अपेक्षित २३२ च्या जागीं २८५ चमका मोजल्या गेल्या. २०२० सालीं हें वृत्त प्रसिद्ध होतांच सूर्यांतून येणारे ॲक्सिऑन, कृष्णद्रव्याचे नवे कण, असे नाना तर्क निघाले. खुद्द प्रयोगकर्त्यांनीं मात्र एक साधी शंकाही नोंदविली होती: झेनॉनमध्यें ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचा, अत्यल्प अंश तर मिसळला नसेल ना? पुढें अधिक मोठ्या व अधिक शुद्ध उपकरणानें पुन्हां मोजणी झाली. २०२२ सालीं निकाल आला. जादा चमका कोठेंच नव्हत्या.

यानें कृष्णद्रव्य खोटें ठरत नाहीं. द्रव्य आहे याचा पुरावा निराळा, आणि तें अमक्याच कणांचें आहे याचा निराळा. दूध नासलें तर भुताखेतांस दोष देण्यापूर्वीं भांडें स्वच्छ होतें कीं नाहीं, हें पाहणेंच शहाणपणाचें.