सायकलच्या दात्यांना हवी ढाल

धानाची कापणी आटोपली की गोंदिया जिल्ह्यात सायकलींसाठी नव्या वाटा खुल्या होतात. पावसाळाभर पाण्याने भरलेल्या बांध्या कोरड्या पडतात आणि डांबरी रस्त्याचा लांबचा वळसा टाळून माणसे सरळ शेतातून निघतात. देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनी, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांत अशा वाटेवर धुरे लागतात, मुरुमातून वर आलेले दगड लागतात, सागाची आणि ऐनाची मुळे लागतात आणि वादळानंतर आडवे पडलेले एखादे खोडही लागते. पुढचे चाक धुऱ्यावरून पलीकडे उतरते, मागचे अजून अलीकडेच असते आणि नेमक्या त्या क्षणी पायांखालून ‘खट्ट’ असा आवाज येतो. पायडल एकदम हलके होते. चेन उतरलेली असते आणि पुढच्या दातेरी चक्राचे दोन-तीन दाते वाकलेले असतात.

या चक्राला सायकल दुकानात चेनव्हील म्हणतात. गिअरच्या सायकलींचे शौकीन त्याला चेनरिंग म्हणतात. सायकलच्या पोटाखाली सर्वांत खाली लोंबणारा आणि तरीही सर्वांत नाजूक काम करणारा भाग हाच. डोंगरदऱ्यांतून सायकल चालवणाऱ्यांनी त्याच्यासाठी एक साधी ढाल शोधून काढली. तिचे नाव बॅश गार्ड. शब्द परका असला तरी तिची गरज मात्र आपल्या पायवाटांनाही तेवढीच आहे.

मार नेमका कुठे बसतो?

गतिरोधक उंच असेल तर मोटारीची दोन्ही चाके वरून जातात, पण पोट घासते. सायकलचेही तसेच होते. सपाट जमिनीवर गिअरच्या सायकलचा क्रँक, म्हणजे पायडलचा आस, जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटर उंच असतो. ४४ दात्यांच्या चेनव्हीलचा व्यास सुमारे १७८ मिलिमीटर भरतो. याचा अर्थ चक्राचा खालचा काठ आसापासून जवळजवळ ९ सेंटीमीटर खाली येतो आणि त्यावर चेनची जाडी असते. म्हणजे जमिनीपासून जेमतेम २० सेंटीमीटर अंतर उरते. पुढच्या सस्पेन्शनचा दांडा वजनाने दबला की ते आणखी कमी होते. धुऱ्याच्या माथ्यावर तर दोन्ही चाके दोन बाजूंच्या उतारांवर असतात, त्यामुळे मधला भाग माथ्याच्या अगदी जवळ येतो.

आता वेगाचा हिशेब. सायकल आणि स्वार मिळून ७० किलो वजन ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ६०० ज्यूल असते. तेवढेच वजन सुमारे ९० सेंटीमीटर उंचीवरून सोडल्यावर जेवढी ऊर्जा तयार होते, तेवढीच ही. ती सगळीच दात्यावर येत नाही. पण जो वाटा येतो तो काही मिलिमीटर रुंदीच्या एक-दोन टोकांवर एकवटतो. हातोडीचा घाव सपाट फळीवर आणि खिळ्याच्या टोकावर मारण्यात जो फरक, तोच इथे.

सायकलच्या चेनचे दोन सांधे बरोबर अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर असतात. दाता थोडा वाकला तरी तो या अंतरात नीट बसत नाही. चेन त्याच्यावर चढते आणि जोर लागताच घसरते. म्हणून नुकसान फक्त चक्राचे होते असे समजू नये.

धोका चक्राला, जखम माणसाला

चढावर उभे राहून पायडल मारताना चेन सुटली, तर पायाखालचा आधार एका क्षणात नाहीसा होतो. पाय खाली जातो, छाती हँडलवर आपटते किंवा सायकल आडवी होते. याच वेळी उघडे दाते उजव्या पोटरीला किंवा नडगीला लागतात. एका ओळीत उमटलेल्या त्या खुणा अनेक सायकलस्वारांच्या पायावर दिसतात. जखम लहान दिसते, पण दात्याने ती खोल केलेली असते आणि तिच्यात वंगण, माती, कधी शेणही गेलेले असते. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते वाढतात.

अशी जखम झाली तर ती वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे. हळद, चुना, राख किंवा ग्रीस त्यावर लावू नये. जखम खोल असेल किंवा तिच्यात घाण अडकली असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी लस दिली जाते. घाण जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर साधारणपणे आणखी एक डोस लागतो. तो निर्णय डॉक्टर घेतात. त्यासाठी मुलांचे लसीकरण कार्ड जपून ठेवावे.

दुसरा धोका पोटाचा. चेनव्हील खोडाला अडकून सायकल एकदम थांबली, तर मूल पुढे फेकले जाते आणि हँडलचे टोक पोटात घुसते. बाहेरून फक्त लाल वण दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. लक्षणे काही तासांनीही दिसतात. हँडल लागल्यावर पोट दुखत राहिले, उलट्या झाल्या, मूल फिकट पडले किंवा गळून गेले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. हँडलच्या टोकांवरचे रबरी मूठ-आवरण फाटले असेल तर ते आधी बदलावे. उघडी नळी तिथे चाकूसारखी काम करते.

तिसरा धोका बोटांचा. उतरलेली चेन चढवताना एक मूल बोटांनी चेन धरते आणि दुसरे घाईने पायडल फिरवते. बोट चेन आणि दात्यांमध्ये सापडते. चेन चढवणाऱ्यानेच पायडल हळू फिरवावे. शक्य तर चेन काडीने ढकलावी आणि दुसऱ्याने फक्त सायकल धरून ठेवावी.

ढाल कशी काम करते?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून उतरवू लागले. १९७६ मध्ये तिथे रिपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली. त्या हौसेतून माउंटन बाइक जन्माला आली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिला स्थान मिळाले. दगड आणि ओंडके हे या खेळाचे रोजचेच सोबती. त्यामुळे चेनव्हील वाचवण्याची युक्तीही तिथेच पक्की झाली.

बॅश गार्डचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे दाते नसलेली गुळगुळीत गोल तबकडी. ती चेनव्हीलच्या बाहेरच्या बाजूला त्याच बोल्टांनी बसते आणि क्रँकबरोबर फिरते. तिचा काठ दात्यांपेक्षा थोडा बाहेर असतो. ओंडका आधी तिला लागतो, मार एका टोकावर न येता काठावर पसरतो आणि सायकल दगडावरून घसरत पुढे जाते. ही तबकडी अॅल्युमिनियमची किंवा पॉलिकार्बोनेटसारख्या चिवट प्लास्टिकची असते. प्लास्टिक हलके असते आणि दगडावर जास्त सहज घसरते, अॅल्युमिनियम जास्त टिकते.

दुसरा प्रकार सायकलच्या सांगाड्याला बसतो. चेनव्हीलच्या खालच्या भागाला अर्धवट कवटाळणारी ही पट्टी फिरत नाही. मार क्रँककडे न जाता थेट सांगाड्याकडे जातो. पण तो पेलण्यासाठी सांगाड्यावर आसाभोवती तीन बोल्टांची खास जागा लागते आणि ती साध्या सायकलींना नसते. शिवाय मार फारच मोठा असेल तर ती जागाच तुटू शकते. म्हणून पट्टी सांगाड्यापेक्षा कमकुवत असलेली बरी. ती मोडली तर बदलता येते, सांगाडा बदलता येत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. जुन्या काळ्या सायकलवरचे पत्र्याचे चेन कव्हर म्हणजे बॅश गार्ड नव्हे. ते धोतर, साडी, पायजमा चेनमध्ये अडकू नये आणि धूळ बसू नये म्हणून असते. दगड लागला की पातळ पत्रा आत वाकतो आणि चेनला घासत कुरकुरतो. स्वस्त गिअरच्या सायकलींवरची पारदर्शक प्लास्टिकची चकतीही बहुधा कपड्यांसाठीच असते. बॅश गार्ड मार झेलण्यासाठीच बनवलेला असतो.

आणखी एक मर्यादा. बॅश गार्ड दाते वाचवतो, पण हादऱ्याने उडणारी चेन तो आतल्या बाजूला पडण्यापासून रोखत नाही. त्यासाठी एकच चेनव्हील असलेल्या नव्या सायकलींत एक जाड, एक बारीक असे दाते आलटून पालटून असतात. चेनच्या रुंद आणि अरुंद कड्यांमध्ये ते घट्ट बसतात. २०१२ च्या सुमारास ही रचना बाजारात आली आणि झपाट्याने पसरली.

आपल्या सायकलवर काय करता येईल?

पुढे तीन चक्रे असलेल्या सायकलीत सर्वांत मोठे चक्र ४४ किंवा ४२ दात्यांचे असते. जंगलवाटेवर त्याचा उपयोग फारसा होत नाही, पण दगडाचा पहिला मार मात्र तेच खाते. ते काढून त्याच जागी ३२ दात्यांच्या मधल्या चक्राला झाकेल एवढा गार्ड बसवला, तर जमिनीपासूनचे अंतर दीड ते दोन सेंटीमीटरने वाढते. धुऱ्यावर हे अंतर मोलाचे असते.

याची किंमत म्हणजे वेग. २६ इंची चाक, मागे १४ दात्यांचे चक्र आणि मिनिटाला ६० वेळा पायडल असे धरले, तर ४४ दात्यांवर ताशी सुमारे २३ किलोमीटर वेग मिळतो आणि ३२ दात्यांवर सुमारे १७. रोज डांबरी रस्त्यानेच जाणाऱ्याला हा सौदा परवडणार नाही. शेतवाटेने जाणाऱ्याचे काहीच बिघडत नाही.

हे काम करण्याआधी चेनव्हील बोल्टांनी जोडलेले आहे की रिबेटने ठोकलेले, ते पाहावे. स्वस्त सायकलींत ते ठोकलेले असते आणि एकेक चक्र सुटे होत नाही. बोल्ट असतील तर त्यांच्या वर्तुळाचे माप घ्यावे. चार बोल्टांच्या बऱ्याच क्रँकवर ते १०४ मिलिमीटर असते. गार्ड त्याच मापाचा लागतो. बसवल्यावर पुढच्या गिअरचा स्क्रू आवळून त्याची बाहेरची मर्यादा कमी करावी, नाहीतर गिअर चेनला गार्डवर फेकील. मोठे चक्र गेल्यामुळे चेन ढिली वाटली तर एक-दोन कड्या कमी कराव्या लागतात.

विकतचा गार्ड सहज मिळत नसेल तर चांगला मिस्त्री झिजलेल्या जुन्या चक्राचे दाते ग्राइंडरने घासून गार्ड तयार करू शकतो. काठ पूर्ण गोल आणि गुळगुळीत हवा. एखादी धार राहिली तर जी जखम टाळायची तीच ती करील. घासताना डोळ्यांवर चष्मा हवा.

गार्ड बसवणे शक्यच नसेल तरी दोन सवयी लावून घेता येतात. खोड वितभर उंच असेल तर उतरून सायकल उचलावी. लहान अडथळ्यावरून जाताना दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवावी, वेग कमी करावा आणि अंग थोडे मागे न्यावे.

आठवड्यातून एकदा सायकल उलटी करून पायडल फिरवावे आणि मागून पाहावे. चेनव्हील डुलते का, एखादा दाता बाजूला झुकला आहे का, ते कळते. किंचित वाकलेला पोलादी दाता पान्याने सरळ होतो, पण तडा दिसला तर चक्र बदलावेच. चेनही मोजावी. ताणलेल्या चेनच्या २४ कड्यांची लांबी नेमकी १२ इंच भरायला हवी. ती एक सोळांश इंचाने वाढली असेल तर चेन बदलावी. झिजलेली चेन चांगले दातेही खाऊन टाकते.

शेवटी वाट महत्त्वाची

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. गाव आणि शाळा यांच्यातले काही किलोमीटर ही सायकल पार करून देते. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या दिवसांत अनेक घरांचा भारही सायकलच वाहते. चेनव्हील तुटले की सायकल घरी उभी राहते आणि शाळेचा दिवस बुडतो, नाहीतर मजुरी बुडते. ज्याच्याकडे दुसरे वाहन नाही त्याच्यासाठी हे नुकसान चक्राच्या किमतीपेक्षा मोठे असते.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. त्याच्या आसपासच्या वाटांवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे पहाटे किंवा संध्याकाळी चेन उतरली, तर वाकून दुरुस्ती करत बसणे धोक्याचे असते. खाली वाकलेला माणूस आसपासचे काही पाहत नाही. तेव्हा शक्य तर सायकल ढकलत मोकळ्या जागेपर्यंत न्यावी. प्रवास उजेडात आणि सोबतीने करावा, म्हणजे गरज पडलीच तर एकाने दुरुस्ती करता करता दुसऱ्याला लक्ष ठेवता येते.

घरातून निघण्यापूर्वी टायरची हवा आपण अंगठ्याने दाबून पाहतोच. त्याच वेळी एक नजर खालच्या दात्यांवरही टाकावी. एवढे केले तरी वाटेतला बराच त्रास वाचतो.