जुन्या पिकअपचे आयुष्य वाढते, पण ब्रेकचे काय?

छत्रपती संभाजीनगर (प्रतिनिधी) : पहाटे जाधववाडीच्या बाजार समितीत गेल्यास भाजीपाला, अद्रक, मोसंबी उतरविणाऱ्या वाहनांची रांग दिसते. त्यात नवी कोरी वाहने असतात, तशीच दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर काढलेली पिकअप वाहनेही असतात. पैठण-पाचोडची मोसंबी, कन्नड-फुलंब्रीचे अद्रक, दौलताबाद परिसरातील सीताफळे शहरात येतात ती बहुतांशी याच वाहनांतून. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांचे सुटे भाग, घर बदलणाऱ्यांचे सामान आणि उन्हाळ्यात पाण्याच्या प्लास्टिक टाक्या वाहून नेण्याचे कामही हीच वाहने करतात. यांतील अनेक वाहने एकेका कुटुंबाच्या उपजीविकेचे एकमेव साधन आहेत. त्यामुळे जुने पिकअप चांगल्या स्थितीत ठेवणे हा केवळ मालकाचा प्रश्न राहत नाही. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेशी तो निगडित आहे.

टेम्पोपासून पिकअपपर्यंत

मराठीत कोणत्याही लहान मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द मूळचा एका जर्मन वाहनाच्या नावातून आला. जर्मनीतील ‘विडाल अँड झोन’ या कंपनीची वाहने टेम्पो या नावाने विकली जात. तिच्या तांत्रिक सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. पुढे पुण्याजवळील आकुर्डी येथून तिची वाहने राज्यभर पोहोचली आणि नाव जनमानसात रूढ झाले. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स असे झाले, तरी ‘टेम्पो’ हा शब्द मात्र टिकून राहिला. टाटांचे ‘४०७’ हे वाहन १९८६ मध्ये आले, तर ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखले जाणारे ‘एस’ २००५ मध्ये. जीपच्या परंपरेतून आलेल्या महिंद्राच्या पिकअपने ग्रामीण भागात आपले वेगळे स्थान निर्माण केले.

या वाहनांचे आयुष्य वाढण्याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. मजबूत लोखंडी चेसिस, मागे कमानीसारखे पाटे आणि जुन्या मॉडेलमध्ये यांत्रिक डिझेल पंप असल्यामुळे तालुक्याच्या गावातील कारागीरही ती उघडून दुरुस्त करू शकतो. कॉमन रेल इंजिने आल्यानंतर सेन्सर व संगणकीय नियंत्रणामुळे प्रत्येक बिघाड हातोडी-पान्याने सुटत नाही. त्यामुळे ‘जुने ते सोपे’ अशी भावना अनेक मालकांत आढळते. ती काही अंशी खरीही आहे. मात्र सोपी दुरुस्ती आणि योग्य दुरुस्ती यांत फरक आहे.

खर्चाचा क्रम उलटा

इंजिन बंद पडले की त्या दिवसाचे भाडे बुडते. त्यामुळे इंजिनाचे काम मालक कर्ज काढूनही करून घेतो. ब्रेकचे तसे नसते. लायनर झिजलेले असले तरी गाडी चालते, भाडे मिळते आणि काम पुढच्या महिन्यावर ढकलले जाते. जुन्या वाहनाच्या देखभालीतील सर्वांत मोठी चूक हीच. बंद पडलेले इंजिन पैसा बुडविते, तर निकामी ब्रेक जीव घेऊ शकतो. म्हणूनच हाती पैसा मर्यादित असेल तर प्रथम ब्रेक, स्टीअरिंग व टायर, त्यानंतर पाटे व हब आणि शेवटी इंजिनाची ताकद, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे ठरते.

या जिल्ह्यात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. चाळीसगावकडे जाताना कन्नडचा औट्रम घाट लागतो, तर जळगाव मार्गावर फर्दापूरजवळ अजिंठ्याचा घाट. मोसमात भरलेले पिकअप हे उतार रोज उतरत असतात.

घाटात ब्रेक का लागत नाहीत?

उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ड्रम व लायनर तापतात आणि ही उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑईलचा एक गुणधर्म अनेकांना ठाऊक नसतो. ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. अशा वेळी नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. परिणामी पायाखालचे पेडल थेट तळाला जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही. म्हणून पातळी पुरेशी दिसली तरी ब्रेक ऑईल साधारणपणे दोन वर्षांनी पूर्ण बदलणे आवश्यक असते. केवळ वरून भर घालणे पुरेसे नाही.

डिझेल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची सवय याहून घातक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. त्यात इंजिनच वेग रोखून धरते. शिवाय ब्रेकला जोर देणारा बूस्टर निर्वात दाबावर चालतो. डिझेल गाडीत हा दाब इंजिनाच्या जोरावर फिरणारा व्हॅक्यूम पंप तयार करतो, अनेक गाड्यांत तो डायनामोच्या मागे बसविलेला असतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा पेडल दाबले की साठविलेला दाब संपतो आणि ब्रेक दगडासारखा कठीण होतो. पॉवर स्टीअरिंग असल्यास तेही त्याच क्षणी जड होते.

जादा पाटा आणि जादा भार

भार वाढविण्यासाठी मागे एक-दोन पाटे जादा बसवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे गाडी मागे बसत नाही, एवढेच काय ते साध्य होते. चेसिस, ॲक्सल, बेअरिंग, टायर व ब्रेक यांची क्षमता मात्र तेवढीच राहते. गाडी थांबविताना ब्रेकला जी ऊर्जा शोषावी लागते ती वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दीडपट भार आणि दीडपट वेग एकत्र आले तर ब्रेकवरील ताण तिपटीहून अधिक होतो.

यात आणखी एक छुपा धोका आहे. अनेक पिकअपमध्ये मागील ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असतो. गाडी मागे किती बसली आहे, यावरून तो भार ओळखतो. पाटे वाढविल्यावर गाडी भरलेली असूनही बसत नाही. वॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना अपुरा दाब मिळतो. त्यामुळे पाट्याचे काम केल्यावर हा वॉल्व्ह नव्याने जुळवून घेणे गरजेचे असते. कायद्याच्या दृष्टीनेही जादा भार परवडणारा नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

हौद्यात माणसे बसविणे तर त्याहून गंभीर. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांचे पिकअप घाटात चढावरून मागे येऊन कोसळले आणि अनेक महिलांना प्राण गमवावे लागले. हौद्यात ना आसन असते, ना पट्टा. गाडी कलंडली की आतील माणसांना कोणताही आधार राहत नाही.

बोअरचे पाणी, रेडिएटरचा शत्रू

मराठवाड्यातील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. हेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. तापल्यावर त्यातील क्षार नळ्यांच्या आत थर धरतात, पाण्याचा प्रवाह घटतो आणि इंजिन तापू लागते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी येथे १०० अंशांच्या थोडे आधीच, सुमारे ९८ अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब राखून हा उत्कलनबिंदू वाढविते. झाकणाचे रबर फाटले असेल तर दाब टिकत नाही आणि चढावर पाणी उकळून बाहेर पडते. काही रुपयांच्या झाकणाकडे दुर्लक्ष केल्याने हेडचे पॅकिंग जाते आणि हेड वाकल्यास खर्च हजारोंच्या घरात पोहोचतो.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, डिझेल अधिक लागते आणि झीज वाढते. डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट वापरणे हाच खरा उपाय.

धूर काय सांगतो?

जुन्या डिझेल इंजिनाची प्रकृती धुरावरून कळते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यामुळे प्रथम एअर फिल्टर व नंतर नोझल तपासावेत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत आहे, रिंग अथवा वॉल्व्ह सील झिजले आहेत. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरणारे पाणी यांचा संशय घ्यावा. ऊसतोडीच्या हंगामात मातीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपेक्षा लवकर बदलावा लागतो. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ सिलिंडरवर ओरखडे पाडते आणि इंजिनाचे आयुष्य घटविते.

पंधरा वर्षे झाली म्हणजे भंगार?

याबाबत मालकांत बराच गैरसमज आहे. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांबाबत दिलेले आदेश त्या क्षेत्रापुरते होते. महाराष्ट्रात केवळ वयामुळे खासगी मालकाचे पिकअप आपोआप भंगारात जात नाही. येथे कसोटी आहे ती योग्यता प्रमाणपत्राची, म्हणजेच बोलीभाषेतील ‘पासिंग’ची. मालवाहू वाहनाला पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी करावी लागते. जुन्या वाहनांसाठी तिचे शुल्क एप्रिल २०२२ पासून वाढविण्यात आले आणि नोव्हेंबर २०२५ मधील सुधारणेने वाढीव शुल्काचा पहिला टप्पा दहा वर्षांवर आणला. त्यामुळे गाडी ठेवायची की काढायची, या हिशेबात आता दुरुस्तीबरोबर हे शुल्कही धरावे लागते.

पासिंगच्या आठवड्यापुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर लावणे आणि नंतर पुन्हा गुळगुळीत टायर चढविणे, हा प्रकार स्वतःचीच फसवणूक ठरतो. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. पावसात ती याहून अधिक असणेच हिताचे.

कधी थांबावे?

इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग हे सारे पुन्हा उभे करता येते. चेसिसचे तसे नाही. पाट्यांच्या कंसाजवळ चेसिसला पुन्हा पुन्हा तडे जात असतील, वेल्डिंगशेजारीच नवी चीर पडत असेल किंवा गंजाने पत्रा पातळ झाला असेल, तर ते वाहन निरोप मागत आहे, असे समजावे. अशी गाडी रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला तोंडी व्यवहाराने देऊ नये. नोंदणीकृत भंगार केंद्रात ती जमा केल्यास प्रमाणपत्र मिळते आणि त्याआधारे परिवहन कार्यालयातून नोंदणी रद्द करून घेता येते. तसे न केल्यास कागदोपत्री मालक तोच राहतो आणि पुढील जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडू शकते.

तोपर्यंत मात्र एक साधी वही पुरेशी आहे. ऑईल, फिल्टर, लायनर, ब्रेक ऑईल कोणत्या तारखेला व किती किलोमीटरवर बदलले, याची नोंद त्यात ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असल्या की गाडी कमावते किती आणि खाते किती, याचा हिशेब मालकाला स्वतःच मांडता येतो. ब्रेकचे काम शेवटचे कधी झाले होते, हेही घाट उतरण्यापूर्वी त्याच वहीत पाहता येते.