इंग्रजीतील चुका : कानाला खटकणाऱ्या आणि खरोखरच्या

इंग्रजी शिकविण्याचा व्यवसाय तीसपस्तीस वर्षे केल्यावर माणसाच्या कानाला एक व्याधी जडते. समोरचा काय सांगतो आहे यापेक्षा तो कोठे चुकतो आहे याकडेच आधी लक्ष जाते. सभेचे निमंत्रण घेऊन आलेले गृहस्थ 'वुई शॅल डिस्कस अबाउट इट' असे म्हणाले की, सभा कशासाठी आहे हे बाजूला राहून माझे मन त्या आगंतुक 'अबाउट'भोवतीच घुटमळत राही. आपल्या सभासदांत शिक्षकांचा भरणा मोठा असल्यामुळे ही व्याधी पुष्कळांच्या परिचयाची असेल. ती कितपत हितकारक आहे आणि कोणत्या चुकीवर आपण तांबडी शाई खर्च करावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम इंग्रजांच्या घरातलीच गोष्ट घेऊ. त्यांनाही एकमेकांच्या इंग्रजीचा राग येतो, आणि तो आपल्यापेक्षा अधिक तीव्र असतो. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा त्यांचा एक जुना दंडक. 'प्रीपोझिशन' या लॅटिनमूलक नावाचा अर्थच 'आधी ठेवलेले'. तेव्हा ते शेवटी कसे चालेल, असा त्यामागचा तर्क. (आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागूनच येते, हे त्या पंडितांना कळले असते तर काय म्हणाले असते कोण जाणे!) जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला आणि पुढे १६८४ मध्ये आपल्याच नाट्यविषयक निबंधाची नवी आवृत्ती काढताना स्वतःची तशी वाक्ये बदलून टाकली. रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले. त्यांची भूमिका मात्र सौम्य होती. अशी रचना बोलण्यात शोभते, गंभीर लेखनात दुसरी बरी, एवढेच ते सांगतात. आणि गंमत अशी की, हे सांगणारे त्यांचे वाक्यच अव्ययाने संपते. पण गुरूची शिफारस शिष्यांच्या हाती गेली की तिचा कायदा होतो. लिंडली मरे यांचे १७९५ चे व्याकरण कित्येक दशके शाळाशाळांतून चालले, आणि तेथून पुढच्या पिढ्यांच्या मनात असे कायदे पक्के झाले.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा दुसरा प्रसिद्ध नियम. हेन्री आल्फर्ड हे कँटरबरीचे डीन. १८६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या प्रयोगावर आक्षेप घेतला आणि पुढे तो सुशिक्षितपणाची कसोटी होऊन बसला. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचे असते. ते तोडताच येत नाही. आपल्या 'करावयास' या रूपाच्या मध्ये कोणी दुसरा शब्द घालू शकेल काय? पण इंग्रजीत मुळात शब्द दोन आहेत, आणि दोन शब्दांच्या मध्ये जागा असतेच. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात या प्रश्नावरून इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले. या प्रयोगाचे नावही ठाऊक नाही आणि त्याची पर्वाही नाही, अशा पहिल्या वर्गातील लोकच सर्वांत सुखी, असा त्यांचा अभिप्राय होता. कोशकाराने एवढी विनोदबुद्धी दाखविणे ही दुर्मिळ गोष्ट होय.

'लेस' आणि 'फ्यूअर' यांचेही असेच. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' म्हणावे, ही रॉबर्ट बेकर यांनी १७७० साली व्यक्त केलेली वैयक्तिक पसंती. राजा आल्फ्रेडच्या काळापासून लोक मोजत्या वस्तूंनाही 'लेस' म्हणत आले होते. तरीही २००८ साली टेस्को या ब्रिटिश दुकानांनी अशा तक्रारींमुळे आपल्या पाट्यांवरील 'लेस' काढून वाक्यच निराळे केले. राग किती दूरवर पोचतो पाहा.

उच्चारांच्या बाबतीत हा राग अधिक कडवट होतो, कारण तेथे भाषेपेक्षा माणूस लक्ष्य होतो. 'आस्क' ऐवजी 'आक्स' म्हणणाऱ्याला अडाणी समजले जाते. वस्तुतः जुन्या इंग्रजीत या शब्दाची दोन्ही रूपे नांदत होती, आणि १५३५ च्या कव्हरडेलकृत बायबलात 'आक्स' हेच रूप छापलेले आहे. याला आपण वर्णविपर्यय म्हणतो. 'नुकसान'चे 'नुस्कान' करणारा आपला खेडूत आणि 'आक्स' म्हणणारा लंडनवासी एकाच वाटेने चालले आहेत. फरक इतकाच की, इंग्रजीतील 'बर्ड' हा शब्द मूळच्या 'ब्रिड'चा असाच उलटापालट होऊन झालेला असूनही आज तो शुद्ध ठरला आहे. 'आक्स'चे नशीब तसे उघडले नाही. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या १९१३ च्या नाटकाचा सारा डोलारा या एकाच जाणिवेवर उभा आहे, की इंग्लंडात तोंड उघडताच माणसाची पायरी कळते. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याचे 'ती फुलराणी' हे रूपांतर रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी प्रेक्षकांना ते परके वाटले नाही. 'न' आणि 'ण' यांवरून माणसाची किंमत ठरविण्याची विद्या आपणही चांगली अवगत केलेली आहे.

आता आपल्या मुलांच्या चुकांकडे वळू. येथे मला एक जुनी आठवण सांगितली पाहिजे. मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. तो एकदा उठून म्हणाला, 'सर, आय गेव्ह द एक्झॅमिनेशन.' मी म्हणालो, 'असे का? मग परीक्षक तू की मी?' वर्ग खळखळून हसला. मलाही आपल्या कोटीचे समाधान वाटले. त्या मुलाने उरलेल्या वर्षात वर्गात इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नाही. तो काय म्हणत होता हे मला पूर्ण कळले होते, ही गोष्ट मला पुढे फार बोचली. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत नेमके उलट. तेथे विद्यार्थी घेतो आणि शिक्षक देतो. दोन्ही भाषांची दृष्टी आपापल्या जागी सुसंगत आहे. एकीला विद्यार्थी उत्तरे अर्पण करतो असे दिसते, तर दुसरीला शिक्षक प्रश्न समोर ठेवतो असे दिसते. हे समजावून सांगायला दोन मिनिटे पुरली असती, आणि भाषेच्या स्वभावाचा केवढा मोठा धडा त्या मुलाला मिळाला असता!

आपल्या बहुतेक 'चुका' अशा मराठीच्या पोटातून आलेल्या असतात. 'यू आर कमिंग, इझंट इट?' हे 'तू येणार आहेस, नाही का?' याचे इंग्रजी होय. आपले 'नाही का' कर्त्याप्रमाणे वा क्रियापदाप्रमाणे बदलत नाही. फ्रेंचांचे 'नेस पा'ही बदलत नाही. इंग्रजी मात्र दर खेपेस नवे शेपूट मागते. 'डिस्कस अबाउट' यामागे 'विषयी चर्चा' उभी आहे. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' यामागे 'मला समजत नाही आहे' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. 'कझिन ब्रदर' हा तर मला दोष वाटेनासा झाला आहे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ असे चार निरनिराळे भाऊ ज्या भाषेत आहेत, तिच्या माणसाला नुसते 'कझिन' म्हणताना आपण भावालाच गाळले असे वाटणे स्वाभाविक आहे.

या साऱ्यांत अर्थाचा घोटाळा सहसा होत नाही. परंतु काही ठिकाणी तो होतो, आणि तेथे शिक्षकाने जागे राहिले पाहिजे. 'आय हॅव अ डाउट' असे आपला विद्यार्थी नम्रपणे म्हणतो, कारण मराठीत शंका विचारणे हे जिज्ञासेचे लक्षण आहे. इंग्रज प्राध्यापकाला मात्र, हा आपल्या म्हणण्यावर अविश्वास दाखवितो आहे, असे वाटण्याचा संभव असतो. तसाच आपला 'च'. 'मी इथेच आहे' याचे आपण 'आय ॲम हिअर ओन्ली' करतो, आणि ऐकणारा 'केवळ येथे, अन्यत्र नाही' असा अर्थ लावीत बसतो. मराठी ज्या ठिकाणी 'च' हे अक्षर जोडते, त्या ठिकाणी इंग्रजी पुष्कळदा शब्द न वाढविता आवाजाचा जोर वाढविते.

हा जोर, म्हणजे आघात, हीच आपली खरी अडचण आहे; आणि नेमकी तिच्याकडेच तांबड्या शाईची दृष्टी जात नाही, कारण ती कागदावर दिसत नाही. एरवीच्या उच्चारदोषांचा बाऊ करण्याचे कारण नाही. इंग्रजीचे ओठ गोल करून म्हणावयाचे 'डब्ल्यू' आणि दात ओठाला लावून म्हणावयाचे 'व्ही' या दोघांना आपल्या तोंडी एकच 'व' पुरतो. लिहिताना आपण 'वॉच' आणि 'व्हॅन' असा भेद करतो खरा, पण त्या 'व्ह'त 'जिव्हाळा'तला हकार शिरतो तो शिरतोच. डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिक्विक पेपर्स'मधला सॅम वेलर हा अस्सल लंडनकरही या दोन वर्णांची अशीच अदलाबदल करतो. दंत्य 'झ' आपल्याजवळ असल्याने 'झू' हा शब्द आपल्याला बराच साधतो. पण पुढे 'ए' किंवा 'ई' आली की मराठी जीभ सवयीने तालव्य वर्णाकडे वळते, आणि 'झेब्रा' पुष्कळांच्या तोंडी निराळाच प्राणी होतो. तरी त्याला कोणी घोडा समजत नाही.

आघाताचे तसे नाही. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. आणि ज्या अवयवांवर तो नाही त्यांचे स्वर पुसट होऊन जातात. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आरंभी, क्रियापद असेल तर शेवटी. 'हॉटेल', 'कमिटी', 'डेव्हलप' या तिन्हींत तो दुसऱ्या अवयवावर असतो. आपण मात्र पहिल्यावरच टाकून मोकळे होतो. हैदराबाद येथे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज विद्यापीठाचा दर्जा असलेल्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेतील आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत कळते याची पाहणी करून १९६९ साली प्रबंध प्रसिद्ध केला. चुकीच्या जागी पडणारा आघात हे न कळण्याचे एक प्रमुख कारण म्हणून त्यात पुढे आले.

ही सवय आपल्याला सुटत नाही याचे कारण आपल्या छंदांतही सापडते. आपण अक्षर तोलतो ते लघु-गुरूंनी, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या काळाने. इंग्रज तोलतो ते जोराने. केशवसुतांनी १८९२ साली चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, पण आणले ते आपल्या अक्षरगणवृत्तात. चौदा ओळी आल्या. आघात समुद्रापलीकडेच राहिला. आपला विद्यार्थी इंग्रजी कविता म्हणताना प्रत्येक अक्षराला त्याचा पुरता वाटा देतो, आणि इंग्रज श्रोत्याला ओळीतला ताल सापडत नाही, तो यामुळेच.

यावर उपाय साधा आहे. निवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत मी वर्गात शब्द उच्चारताना आघाताच्या अवयवावर बाकावर थाप मारायला मुलांना सांगत असे. सुरुवातीला शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मग आम्ही बोटाने, हलकेच थाप मारू लागलो. 'फोटोग्राफ' ते 'फोटोग्राफिक' अशी थाप एकेक घर पुढे सरकू लागली की, मागच्या बाकांवरची, एरवी तोंड न उघडणारी मुलेही त्यात सामील होत. थाप चुकली तरी कोणी हसत नसे, कारण दर वेळी निम्म्या वर्गाची चुकलेली असे.