सातबारा उतरताना ब्राउजर थिजतो तेव्हा

शेवगाव-पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत कुठल्याही सेवा केंद्रात ब्राउजर अडला की पहिला शब्द निघतो, "नेट गेलं." पुष्कळदा नेट असतं. डिजिटल सहीचा सातबारा ही हलकी पीडीएफ आहे, साध्या मोबाइल हॉटस्पॉटवरही ती पटकन उतरते. मग 'सेव्ह' दाबल्यावर खिडकी पांढरी का पडते?

आधी एवढं तपासा. नेट गेलं तर डाउनलोडची पट्टी थांबते, 'नेटवर्क एरर' येते, पण मेनू उघडतात, दुसऱ्या टॅबवर जाता येतं. अख्खी खिडकीच थिजली, तर खोट बहुधा मशीनमध्ये.

ब्राउजर फाइल एका दमात तयार करत नाही. क्रोम आधी 'सीआरडाउनलोड' शेपटीची तात्पुरती फाइल करतो, फायरफॉक्स 'पार्ट' शेपटीची. तुकडे येतील तसे त्यात लिहिले जातात, शेवटी अँटिव्हायरस तपासणी करतो आणि मग खरं नाव लागतं. म्हणून फाइल शंभर टक्क्यांवर येऊन रखडली, तर संशय तपासणीवर घ्यावा. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर चिकटून असेल, तर बहुधा जुनी हार्ड डिस्क दमली आहे किंवा सी ड्राइव्ह भरत आल्याने तिची दमछाक होते आहे. स्कॅन केलेल्या आधार कार्डांनी भरलेलं डाउनलोड्स फोल्डर रिकामं करणं हा निम्मा इलाज. लोकांची कागदपत्रं तिथे साठवून ठेवणं तसंही बरं नव्हे.

सहसा नजरेतून सुटते ती 'कुठे ठेवू?' विचारणारी चौकट. ती ब्राउजरची नाही, विंडोजची. ती उघडताना विंडोज जोडलेल्या जागा चाचपतं. त्यात शेजारच्या टेबलावरच्या मशीनचं शेअर केलेलं फोल्डर असेल आणि ते मशीन बंद असेल, तर उत्तराची वाट पाहत ब्राउजर ताटकळतो. सेवा केंद्रांत स्कॅनर एका मशीनला आणि प्रिंटर दुसऱ्याला असतो, त्यामुळे अशी फोल्डरं जोडलेली असतातच. 'धिस पीसी'मध्ये लाल फुली दिसणाऱ्या नेटवर्क ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'डिसकनेक्ट' करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्सखाली दर वेळी जागा विचारण्याचा पर्याय बंद करा आणि जागा पेनड्राइव्हवर नव्हे, मशीनमध्येच ठेवा.

एवढ्यावर भागलं नाही तर इन्कॉग्निटो खिडकीत तीच फाइल उतरवून पाहा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. फाइल सुरळीत आली, तर गुन्हेगार एखादा डाउनलोड मॅनेजर किंवा फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर.

खिडकी थिजली म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. उताऱ्याला १५ रुपये पडतात. ते कापले गेले असतील, तर आधी डाउनलोड्स फोल्डर आणि सातबारा देणाऱ्या महाभूमीच्या संकेतस्थळावरची आपल्या खात्यातली व्यवहारांची नोंद पाहा, मगच पुन्हा पैसे भरा.

मशीनवर अजून विंडोज ७ असेल, तर क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. अशा मशीनवर सेटिंगशी खेळत बसण्यापेक्षा मशीन बदललेलं बरं.