मांडव तोच, धंदा वेगळा

कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी गायक अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारात आश्रय दिला. त्याच कोल्हापुरात संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर कॅमेऱ्याकडे वळले आणि स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. गोविंदराव टेंबे तर नामांकित पेटीवादक. १९११ साली ‘मानापमान’च्या चाली देणारे टेंबे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले. ते कॅमेऱ्यापुढे गेले, मागे नाही, हे खरं. पण गाणं आणि कॅमेरा यांच्यातली ये-जा या गावाला नवी नाही, एवढं यावरून दिसतं. तेव्हा आज ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला किंवा साथीचा तबलजी समारंभांचे फोटो काढायला निघाला, तर ‘कला सोडली’ म्हणून हळहळू नये. त्याचा कान त्याच्याबरोबर येतो. व्यवहार मात्र त्याला मुळापासून शिकावा लागतो, आणि बहुतेक जण अडखळतात ते तिथेच.

आधी कानाचं. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं, की वाजंत्री वाद्य सरसावतात, कारण भटजींचा चढता आवाज त्यांना पाठ असतो. अंतरपाट सरकतो तो क्षण हवा असेल, तर बोट त्याच्या आधीच तयार लागतं. डोळ्यांनी बघून बटण दाबलं, तर फोटोत अक्षता चुकवणारी नवरी येते. मैफलीत हा फायदा आणखी मोठा. आलापीत शटर खटकलं की पहिल्या रांगेतल्या माना वळतात. पण तिहाई कुठे संपणार हे तबलजीला आधीच कळतं, आणि समेवरच्या दादेत तो खटका बुडून जातो. आता बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर आलंय, मग या जाणतेपणाचं काय, असं कुणी विचारेल. त्याने ते शटर स्टेजच्या एलईडी दिव्यांखाली वापरून पाहावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोवर पट्टे उमटतात. वेग १/१०० वर आणला की पट्टे बहुधा जातात, पण चालता हात धूसर येतो. म्हणजे हात कधी ठरणार, हे ओळखणं आलंच.

व्यवहाराची गोष्ट निराळी. भैरवी झाली, बिदागी मिळाली, की वादक मोकळा. फोटोग्राफरचं निम्मं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं: हजार-दोन हजार फोटोंतून निवड, रंगदुरुस्ती, अल्बम, शिवाय ‘मामांचा एकही फोटो नाही’ म्हणून येणारे फोन. पेटी जपली तर पिढ्यान्‌पिढ्या वाजते. कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर झिजतं; अनेक मॉडेलांचं शटर दीड-दोन लाख क्लिकांपुरतंच तपासलेलं असतं. दर ठरवताना ही झीज न धरणारा माणूस नकळत भांडवल खात असतो.

हातोहाती मोबाइल असताना फोटोग्राफर कशाला, हा आक्षेप नेहमीचा. पण मोबाइल धरणारी आत्याच त्या फोटोत हवी असते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. अशा लग्नात बँड पहिला गळतो. फोटो मात्र न आलेल्यांना दाखवायला लागतातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: दोन्ही धंदे मुहूर्तांवरच चालतात, चातुर्मासात दोन्ही बसणार. म्हणूनच वाद्य विकू नये. गणपती आणि नवरात्र हा वादकाचा हंगाम, तुळशीच्या लग्नानंतरचा फोटोग्राफरचा. बावड्यात तर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गॅदरिंगला आणि पदवीदानाला पंचांग बघावं लागत नाही.

आणि एक कागद पहिल्या ॲडव्हान्सबरोबरच करावा. वादकाला त्याच्या सादरीकरणावर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ खाली हक्क असतो. त्याच १९५७ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं, की पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. आपण काढलेला फोटो आपल्याच जाहिरातीत वापरायचा असेल, तर तसं लिहून सही घ्या.