गुलाबाचे रोप रुजवायचे कसे?

आपण हौसेने गुलाबाचे रोप आणतो. दारात लावतो. सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी तांब्याभर पाणी. चार दिवस रोप टवटवीत दिसते. मग पाने पिवळी पडतात, गळतात. महिन्याभरात हाती उरते नुसती काटेरी काडी. पैसा गेला, हौसही गेली. मग आपण म्हणतो, "आमच्या मातीत गुलाब येतच नाही!"

माती बिचारी काय करील? चूक दुसरीच असते.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. बांधीत पाणी साचले की आपल्याला बरे वाटते. धानाला ते मानवते. धानाच्या खोडातून हवा खाली मुळांपर्यंत पोचते. गुलाबाचे तसे नाही. त्याच्या मुळांना मातीतूनच हवा मिळते. पाणी साचले की मातीतली हवा जाते. मुळे गुदमरतात, कुजतात. म्हणून ध्यानात ठेवा : धानाला पाणी हवे, गुलाबाला ओल हवी.

आता रोप कसे लावायचे ते पाहू.

पावसाळा सरला, हलके धान कापणीला आले, की गुलाब लावावा. दसरा-दिवाळीचे दिवस उत्तम. पुढे थंडी असते. उन्हाळ्याच्या आत मुळांना पसरायला सवड मिळते.

जागा उन्हाची निवडा. रोज पाच-सहा तास ऊन हवेच. छपराच्या पागोळ्या पडतात तिथे रोप लावू नका. मोठ्या झाडाखालीही नको.

दीड-दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणा. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण घालू नका. त्याने मुळे पोळतात आणि वाळवी लागते. माती चिकट असेल तर थोडी रेती मिसळा. खड्डा भरताना माती जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवा. म्हणजे पावसाचे पाणी बुडाशी थांबणार नाही.

रोपाची पिशवी फाडून काढा, पण मातीचा गोळा फुटू देऊ नका. आता रोपाचे खोड नीट पाहा. बुडाजवळ एक गाठ दिसते ना? तिथे डोळा भरलेला असतो. गाठीच्या खाली जंगली गुलाबाचा खुंट, वर आपला फुलांचा गुलाब. म्हणजे एका रोपात दोन झाडे! ही गाठ मातीच्या दोन बोटे वर राहू द्या. माती हाताने दाबा आणि लगेच भरपूर पाणी द्या.

पुढे रोज पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसा. बोटाला ओल लागली तर पाणी नको. कोरडे लागले तर सावकाश, पोटभर पाणी द्या. अति तेथे माती, हे इथे अगदी खरे आहे.

कधी गाठीच्या खालून जोमदार फांदी फुटते. आपल्याला आनंद होतो. पण ती खुंटाची, बरं का! ती सारे अन्न खाते आणि वरचा गुलाब वाळतो. थोडी माती उकरा आणि ती फांदी उगमापासून ओढून काढा. नुसती वरून कापली तर पुन्हा फुटते.

पहिल्या एक-दोन कळ्याही खुडून टाका. हात धजत नाही, खरे आहे. पण रोपाची ताकद आधी मुळांत जायला हवी.

वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा बुडाभोवती तणसाचा थर द्या. तो खोडाला चिकटू देऊ नका. ओल टिकते, मुळे थंड राहतात. त्या दिवसांत पाणी सकाळीच द्या.

पहिला उन्हाळा रोपाने काढला, की ते रुजले असे समजा. पुढच्या हिवाळ्यात कळ्या येतील. त्या मात्र खुडू नका. पोटभर फुलू द्या.