महेश्वरचा अहिल्या वाडा : नर्मदाकाठच्या एका निवासाचा परिचय

नदीकाठच्या हॉटेलाची पारख करताना खोलीच्या खिडकीतून पाणी किती दिसते, हाच निकष बहुधा पुढे केला जातो. परंतु आपल्याकडे नद्यांच्या काठी मुक्काम करण्याची परंपरा हॉटेलांच्या कितीतरी आधीची आहे आणि ती घाट, धर्मशाळा, अन्नछत्र व मठ यांनी घडविलेली असल्यामुळे, कोणत्याही आधुनिक निवासाचे मोल ठरविताना त्याला या जुन्या व्यवस्थेच्या शेजारी उभे करून पाहणे आवश्यक ठरते. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेल्या महेश्वर येथील ‘अहिल्या फोर्ट’ हे हॉटेल या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखे आहे, कारण ज्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर वाटसरूंसाठी विनामूल्य उतरण्याच्या जागा उभारल्या, त्यांच्याच वाड्याच्या एका भागात आज पाहुण्यांना भाडे आकारून ठेवले जाते.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये निवर्तल्यावर होळकरांच्या राज्याचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि त्यांनी इंदूरऐवजी महेश्वर ही राजधानी करून १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, येथूनच राज्य चालविले. होळकरांच्या हिशेबात राज्याच्या महसुलाची ‘दौलत’ आणि राजघराण्यातील स्त्रियांच्या अधिकारातील ‘खासगी’ अशी दोन स्वतंत्र खाती असत. काशीविश्वेश्वराचे देऊळ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, त्याचप्रमाणे ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांवरील खर्च मुख्यतः या खासगीतून होत असे, त्यामुळे हा दानधर्म राज्याच्या तिजोरीवर लादलेला बोजा नव्हता, ही गोष्ट अहिल्याबाईंच्या गौरवग्रंथांत सांगितली जाते त्यापेक्षा अधिक ठळकपणे सांगितली जावयास हवी. महेश्वरचा वाडा हे या सर्व व्यवहाराचे कार्यालयही होते. काशीपासून रामेश्वरपर्यंतच्या बांधकामांची आणि नेमणुकांची पत्रे याच चौकांतून निघत, आणि ती मराठीत, मोडी लिपीत लिहिली जात.

किल्ल्याची बाहेरील तटबंदी जुनी, मोगल काळातील मानली जाते, तर आतला वाडा मराठी घडणीचा आहे : मध्ये चौक, भोवती ओसरी, लाकडी खांब, वर कौलारू छप्पर. राजधानीच्या वास्तूत अपेक्षित असणारा थाट येथे नाही. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी खुल्या असलेल्या भागात अहिल्याबाईंची गादी जतन केलेली असून, शेजारी हातात शिवलिंग घेऊन बसलेली त्यांची मूर्ती आहे, आणि ही जागा एखाद्या सधन देशमुखाच्या ओसरीहून फारशी मोठी नाही. ग्वाल्हेर, बडोदे किंवा खुद्द इंदूर येथील नंतरच्या काळातील राजवाडे पाहून येथे येणाऱ्याला हा साधेपणा प्रथम खटकतो. मात्र थोडा वेळ तेथे थांबल्यास असे ध्यानात येते की, सत्तेचे प्रदर्शन वाड्यात न करता ते घाटावर, म्हणजे सर्वांच्या वापरात येणाऱ्या दगडी बांधकामात करावे, अशी येथील योजनाच होती. वाड्याच्या पायथ्याशी उतरणारा पायऱ्यांचा विस्तार, त्यामागील उंच तट, खिडक्यांचे सज्जे आणि छत्र्या यांचे प्रमाण वाड्याच्या मानाने कितीतरी भव्य आहे.

१८१८ नंतर राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर हळूहळू मागे पडले. विसाव्या शतकात संस्थान विलीन झाल्यावर होळकर घराण्यातील वंशजांकडे राहिलेल्या भागाचे पुढे काय करावे, हा प्रश्न देशातील शेकडो जुन्या वाड्यांप्रमाणे येथेही उभा राहिला. इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे पुत्र रिचर्ड उर्फ शिवाजीराव होळकर यांनी २००० साली या भागाचे लहान हॉटेलात रूपांतर केले. हा निर्णय घेताना त्यांनी वाड्याची मूळ घडण मोडली नाही, ही या निवासाची पहिली आणि सर्वांत मोठी जमेची बाजू मानली पाहिजे. खोल्यांची संख्या विसाच्या आतबाहेर ठेवली गेली. कोणतीही नवी बहुमजली इमारत उभारून नदीचे दर्शन विकण्याचा मोह टाळला गेला. चौक, बुरूज आणि बागा यांचे परस्परसंबंध पूर्वीसारखेच राहिले. याचा एक परिणाम असा की, दोन खोल्या एकसारख्या नाहीत. एखादी प्रशस्त असून तिच्या खिडकीतून थेट पात्र दिसते, तर दुसरी चौकाकडे किंवा बागेकडे तोंड करून असते आणि तेथून नदी दिसत नाही. महाग भाडे भरणाऱ्या पाहुण्याला ही असमानता आधी ठाऊक असणे न्याय्य आहे, म्हणून नदीसाठीच येणाऱ्याने खोली ठरवितानाच ते स्पष्टपणे विचारून घ्यावे.

येथील भोजनव्यवस्था नेहमीच्या हॉटेलापेक्षा वेगळी आहे. छापील पदार्थसूची पुढे करून निवड करावयास सांगण्याऐवजी त्या दिवशी स्वयंपाकघराने ठरविलेले जेवण सर्व पाहुण्यांना वाढले जाते, भाजीपाल्याचा बराचसा पुरवठा स्वतःच्या बागांतून होतो, आणि जेवणाची जागाही कधी चौक, कधी बुरूज अशी बदलत राहते. या पद्धतीमागे एका जाणकाराचा हात आहे, कारण रिचर्ड होळकर यांनी पत्नी शालिनीदेवी (सॅली) होळकर यांच्यासह १९७५ मध्ये ‘कुकिंग ऑफ द महाराजाज’ हे संस्थानी पाककृतींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले होते. घरी आलेल्या पाहुण्याने यजमानाच्या पानावर बसावे, ही भावना या व्यवस्थेतून टिकते, आणि तीत एक प्रकारचा जिव्हाळाही आहे. परंतु ज्यांना पथ्य आहे, उपास आहे किंवा लहान मुले सोबत आहेत, त्यांनी आधी कळविले नाही तर अडचण होणे साहजिक आहे. शिवाय ज्याला निमाडचे, म्हणजे विंध्य आणि सातपुडा यांच्या मधल्या या नर्मदाखोऱ्याचे, रोजचे अन्न चाखावयाचे आहे, त्याने एक-दोन वेळा तरी गडाखाली उतरून गावात जेवावे. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून महेश्वरसह राज्यातील काही तीर्थक्षेत्रांत दारूची दुकाने आणि बार बंद केले आहेत, हेही परगावच्या प्रवाशाने लक्षात घ्यावे.

या निवासाचे खरे वैभव मात्र तटावरील मोकळ्या जागा हे आहे. तेथून समोर नर्मदेचे रुंद पात्र, मधोमध खडकावर उभे असलेले बाणेश्वराचे छोटे देऊळ आणि पैलतीरावरील नावडातोलीची टेकाडे एकाच दृष्टिक्षेपात येतात. नावडातोलीची ही टेकाडे मराठी वाचकाला परकी वाटू नयेत. १९५२-५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी महेश्वर आणि नावडातोली येथे उत्खनन केले आणि पुढे १९५७ ते १९५९ या काळात नावडातोलीचे काम विस्ताराने हाती घेतले. त्यातून इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. कुडाच्या भिंतींची गोल आणि चौकोनी घरे, लाल-तांबूस रंगावर काळी नक्षी असलेली मृद्‌भांडी, गव्हाचे आणि नंतरच्या थरांत तांदळाचे दाणे असा पुरावा तेथे मिळाला. तटावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्या पाहुण्याला समोरच्या काठावर साडेतीन हजार वर्षांपूर्वी गहू पिकत होता, एवढे जरी कोणी सांगितले, तरी त्या दृश्याला किती खोली येईल! हॉटेलांनी पुरातत्त्वाचे वर्ग चालवावेत असे नव्हे; परंतु नदीकाठच्या निवासाने आपल्या नदीविषयी बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शांततेच्या अपेक्षेने येणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगणे भाग आहे. घाट हा राबता घाट आहे. पहाटेची स्नाने, देवळांतील घंटा, ध्वनिक्षेपकावरील आरत्या, सुट्टीच्या दिवशी लोटणारी गर्दी, फेऱ्या मारणाऱ्या यांत्रिक बोटींचा आवाज आणि अधूनमधून चालणारी चित्रपटांची चित्रीकरणे हे सर्व वर ऐकू येते. नदीकडच्या खोल्यांना पात्राचे दर्शन ज्या खिडकीतून मिळते, त्याच खिडकीतून हा आवाजही येतो. जुन्या दगडी पायऱ्या उंच असल्यामुळे गुडघेदुखीच्या माणसाला चढउतार जड जाते. निमाडचा उन्हाळा कडक असतो आणि मे महिन्यात तटावरचा दगड सूर्य मावळल्यानंतरही कितीतरी वेळ तापलेला राहतो. या गोष्टी उणिवा म्हणून मोजाव्यात की स्थळाचा स्वभाव म्हणून स्वीकाराव्यात, हे ज्याने त्याने ठरवावे. घाट जिवंत आहे म्हणूनच वाड्याला अर्थ आहे, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे.

घाटाच्या या जिवंतपणाचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेल्या लिंगार्चन पूजेत पुरोहित रोज सकाळी काळ्या मातीचा ओला गोळा हाताशी घेऊन त्यातून बोटाच्या पेराएवढी शिवलिंगे वळतात आणि लाकडी पाटावर ओळीने मांडीत जातात. वळण्याचा वेग इतका असतो की, पाहणाऱ्याला बोटांची हालचाल वेगळी दिसत नाही, आणि काही वेळातच पाटाचे लाकूड दिसेनासे होते. पूजा झाली की सगळी माती नर्मदेत विसर्जित केली जाते आणि दुसऱ्या दिवशी काम पुन्हा आरंभापासून सुरू होते.

वाड्याच्या परिसरातील दुसरा जिवंत व्यवहार विणकामाचा आहे. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसविले आणि त्यातून महेश्वरी साडी घडली. रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा, म्हणजे अनुक्रमे मागावरचे उभे व आडवे धागे, यांच्या संयोगामुळे ती वजनाला हलकी आणि अंगावर झुळझुळीत राहते, तर तिच्या काठांवर चटई, विटा, लाटा असे तटाच्या कोरीवकामातून आणि नदीतून उचललेले नमुने दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा व्यवसाय उताराला लागला असता १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ ही संस्था स्थापन केली आणि विशेषतः स्त्रियांना मागावर बसविले. हॉटेल त्यानंतर वीसेक वर्षांनी आले, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गावाच्या हाताला काम आणि मग पाहुण्यांची सोय, असे घडल्यामुळे या निवासाचा गावाशी असलेला संबंध केवळ नोकरचाकर पुरविण्यापुरता उरला नाही. आज महेश्वरात फिरताना अनेक घरांतून मागाचा खटखटाट ऐकू येतो आणि त्यात रेहवाचा वाटा मोठा आहे.

तथापि या निवासाच्या मूल्यमापनात सर्वांत अवघड प्रश्न भाड्याचा आहे. दोघांच्या एका रात्रीचा खर्च पाच आकडी रकमेत जातो, त्यामुळे वाड्याच्या या भागात मुक्काम करणे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्याही आवाक्याबाहेरचे आहे. याच तटाखालून नर्मदेची परिक्रमा करणारे यात्री जात असतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, अमरकंटकपासून समुद्रापर्यंत आणि परत असा हा प्रवास असतो. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकामुळे तो मराठी घराघरांत परिचित झाला आहे. परिक्रमावासीयांना काठावरचे आश्रम आणि धर्मशाळा आजही विनामूल्य थारा देतात. कोठे अन्नछत्रात शिजविलेले अन्न मिळते, तर कोठे ‘सदावर्त’, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा शिधा दिला जातो आणि यात्री स्वतः स्वयंपाक करतो. अहिल्याबाईंच्या दानाची सरळ वारसदार ही व्यवस्था आहे. वाड्यातील हॉटेल हे त्या वारशाचे दुसरे, वेगळ्या गरजेतून निर्माण झालेले अंग आहे : जुन्या वास्तूची डागडुजी करण्याइतके उत्पन्न तिच्यातूनच निघावे, ही ती गरज. ती खोटी नाही. महाराष्ट्रातील कितीतरी वाडे वारसांच्या वादात आणि पावसात कोसळत असताना महेश्वरचा हा भाग उभा आहे आणि त्याची कौले दुरुस्त होतात, ही बाब कमी लेखता येत नाही. पण म्हणूनच, वर्षातील काही दिवस तरी शाळकरी मुले, विणकर आणि परिक्रमावासी यांना तटावरील त्या मोकळ्या जागांत आदराने बोलाविले जावे, असे वाटते.

पाहुण्यांना नदीविषयी आणखी एक सत्य सांगितले जाणे आवश्यक आहे. तटावरून दिसणारी नर्मदा आता स्वच्छंद वाहत नाही. वरच्या अंगाला इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे आहेत, त्यांतून वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार पाणी सोडले जात असल्यामुळे पाऊस नसतानाही पातळी चढते-उतरते, आणि घाटावर स्नान करणाऱ्यांनी सावध राहणे इष्ट ठरते. खालच्या अंगाला सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटर झाल्यावर २०१९ मध्ये जलाशय पूर्ण भरला, तेव्हा निमाडातील चिखलदा, निसरपूर यांसारखी गावे पाण्याखाली गेली. अहिल्याबाईंनी बांधलेले घाट पाण्याच्या नैसर्गिक चढउताराचा विचार करून बांधले होते. आताचा चढउतार विजेच्या मागणीप्रमाणे होतो. नदीचे सौंदर्य हेच ज्याचे भांडवल आहे, अशा निवासाने या बदलाविषयी मौन राखणे योग्य ठरणार नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना धुळे, सेंधवा आणि धामनोद या मुंबई-आग्रा महामार्गावरील गावांवरून महेश्वर गाठता येते, तर इंदूरहून हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखावह. ज्यांना वाड्यातील भाडे परवडणारे नाही, त्यांच्यासाठी राज्य पर्यटन महामंडळाचे नदीकाठचे निवासस्थान आणि गावातील साधी लॉज व धर्मशाळा उपलब्ध आहेत, आणि तेथे उतरूनही घाट, गादी, लिंगार्चन, माग आणि पैलतीर यांपैकी काहीही हुकत नाही. ज्यांना परवडते, त्यांनी किमान दोन रात्री राहावे, एका दिवशी बोटीने पलीकडे नावडातोलीला जावे आणि खोली शक्यतो नदीकडचीच मागावी.